मूळचे कोण?

गेला महिनाभर एक वाक्य मनातून जात नाहीये. दुसऱ्या कुणी बोललेलं असतं तर दोन दिवस चिडचिड करून विसरून गेले असते. पण ते मीच बोलले, म्हणून पंचाईत.

तर झालं असं. लेकीसाठी एक स्थळ आलं होतं. देहूरोडच्या आत्यानं सुचवलेलं. मुलगा चिंचवडला एका कंपनीत, घर स्वतःचं, मराठी मंडळीतला. (मंडळी म्हणजे आमच्या भाषेत चर्चचे सभासद. आमचे पाळकसाहेब "प्रिय मंडळी" म्हणतात तेव्हा ते व्याख्यानातल्या "मंडळी"सारखं नसतं!) उपासनेला नियमित येणारा, युवक संघात गिटार वाजवणारा. पोरं दोनदा भेटली होती, तिसऱ्यांदा भेटायचं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. म्हणजे आमचं काम फक्त नारळ फोडण्याचं, असं आमचे हे म्हणायला लागले. आम्ही नारळ फोडत नाही, पण म्हण कुठे सुटते?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाच्या वडिलांचा फोन आला. लोणावळ्याची थंडी, नाताळचा फराळ, त्यांचे पाळकसाहेब, आमचे पाळकसाहेब, सगळं छान बोलून झालं. आणि मग मी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"नेवासा तालुक्यातले."

इथे थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "तसं नाही हो. मूळचे म्हणजे..."

पुढचं बोललेच नाही. बोलायची गरजच नसते. ते दोन क्षण गप्प बसले. मग अगदी शांत आवाजात म्हणाले, "आम्ही मूळचे मातंग. काही अडचण आहे का?"

"छे छे, अडचण कसली? सहज विचारलं."

फोन ठेवला. लेक समोरच मटार सोलत बसली होती. तिनं वर बघितलं आणि एकच शब्द उच्चारला.

"सहज?"

बास. त्यानंतर जेवणं होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

आमच्या घरांमधलं हे गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोकांना पटकन रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात, पंडिता रमाबाई आणि त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' हे १८५७ सालचं पुस्तक आठवतं. ही सगळी मोठी माणसं, आणि आम्हालाही त्यांचा अभिमान आहेच. पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून जे लोक मंडळीत आले ते बहुतेक महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले होते. आमचंही मूळ तेच. शेवगाव तालुका, महारवाडा. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आजोबा १९४० च्या दशकात देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरीला लागले आणि आमचं घर मावळात आलं. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे लोणावळा.

वाडे दोन होते. आणि ते दोन्ही वाडे एकाच चर्चमध्ये आले तरी त्यांच्या मधली गल्ली काही बुजली नाही. एका बाकावर बसायचं, एक गीत म्हणायचं, पण सोयरीक नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं. पाळकसाहेब उपदेशात सांगत नाहीत. ते घराघरांत आपसूक पोचतं, जसं शंकरपाळ्याच्या पिठात मोहन किती घालायचं ते पोचतं.

माझ्या आजीची एक गोष्ट आमच्या घरात दर नाताळला व्हायची. आजी लहान असताना तिच्या गावच्या हॉटेलात महारांसाठी कपबशी वेगळी असायची, बाहेर खुंटीला अडकवलेली. आपणच धुवायची, वरून चहा ओतून घ्यायचा, पिऊन पुन्हा धुवून अडकवायची. लग्न होऊन आजी देहूरोडला आली. पहिल्यांदा प्रभुभोजनाला पुढे गेली तेव्हा तिच्या आधी एक बाई होती, तिचं घराणं पूर्वीचं ब्राह्मण. त्या बाईनं पेल्याला ओठ लावले आणि पाळकांनी तोच पेला आजीपुढे धरला. आजी सांगायची, "हात थरथरला गं. वाटलं, आता कुणीतरी ओरडणार." कुणी ओरडलं नाही. आजी बाकावर येऊन रडली.

लहानपणी ही गोष्ट मला फार आवडायची. आजही आवडते. पण दुसरीही एक गोष्ट आहे, ती आमच्या घरात कुणी सांगत नाही.

नाताळच्या आधी आमच्याकडे फराळाला हात लावायला एक मावशी यायच्या. चर्चमधल्याच. करंज्या त्यांच्यासारख्या कुणाच्या होत नसत. दिवसभर काम चालायचं, गप्पा, गाणी. चार वाजता चहा व्हायचा. सगळ्यांना स्टीलचे पेले, आणि त्या मावशींना फळीवरचा एक पांढरा कप. कानाचा थोडा टवका उडालेला. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा मीच चहा दिला आणि चुकून त्यांना पेला दिला. आजीनं माझ्या हातातून तो काढून घेतला नाही, ओरडलीही नाही. नंतर आत बोलावून हळूच म्हणाली, "त्यांना कप देत जा. त्यांना कपच आवडतो."

मला ते खरं वाटलं. बरीच वर्षं खरं वाटत होतं.

ज्या हातांना खुंटीवरची कपबशी माहीत होती, ज्या ओठांनी त्या एका पेल्यातून प्यायलं, त्याच हातांनी आमच्या फळीवर कप ठेवला. आजीला वाईट म्हणावंसं वाटत नाही. तिनं उपास काढून माझ्या बापाला शिकवलं. पण आजी चांगली होती म्हणून कप चांगला होत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःच्या सोवळ्याबद्दल किती मोकळेपणानं लिहिलंय! टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी १९०० मध्ये. पण पाण्याचा, स्वयंपाकाचा विटाळ मनातून जायला त्यांना स्वतःशी झगडावं लागलं. त्या झगडल्या आणि वर ते हसत हसत लिहून ठेवलं. आमच्यात ते लिहायची पद्धत पडली नाही. आम्ही सोसणारे, आम्हाला कसलं सोवळं, असं आम्हीच समजून चाललो.

तर नाताळ आला. लेक बोलत होती, पण कामापुरतं. सकाळी उपासना झाली. मग फराळाचे डबे घेऊन मी देहूरोडला आत्याकडे निघाले, दर वर्षीसारखी. पंचवीस डिसेंबरला लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एक गंमत असते. आम्ही नाताळच्या नव्या साड्यांत असतो आणि आजूबाजूला पांढऱ्या साड्या, निळे झेंडे. कारण १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडला स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षं बाकी होती. आणि १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तीही पंचवीस डिसेंबरलाच. तो ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन झालं होतं. म्हणजे ज्या दिवशी आम्ही गोठ्यातल्या बाळाची गाणी म्हणतो, त्याच दिवसाला एवढं सगळं चिकटलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं की गाडीतली सगळी गर्दी नाताळसाठीच आहे!

मळवली आलं. डावीकडे उजवीकडे डोंगर, कार्ले आणि भाजे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, शाळेच्या सहलीत गुरुजींनी दाखवली होती. त्यात धेनुकाकट नावाच्या गावचे बरेच जण आहेत आणि त्यांतले कित्येक स्वतःला यवन म्हणवतात. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी. दाराशी एका सुताराचं आणि एका गंध विकणाऱ्याचंही नाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही माणसं आपलं मूळ सांगतच होती. मी अमुक गावचा, मी यवन, मी सुतार. आणि खांब सगळे एकाच छपराखाली.

कामशेतला एक म्हाताऱ्या आजी चढल्या. पांढरी साडी, सोबत नात, हातात थर्मास. मी सरकून जागा दिली.

"कुठं निघालीस गं बाई, डबं घेऊन?"

"देहूरोडला. आत्याकडे. नाताळ आहे ना आज."

"हां, किरिस्ताव का? आम्ही बी देहूरोडलाच. ईहारात." मग माझ्याकडे नीट बघून, "मूळ गाव कंचं तुमचं?"

माझ्या पोटात गोळा आला. अगदी तोच प्रश्न.

"शेवगाव तालुका."

"अगं बया! माझी चुलती शेवगावकडली. तिची माणसं किरिस्ताव झाल्याली. चुलत्याची पोरं यशूकडं गेली आन् आम्ही बाबासायबाच्या मागं आलो." आणि नातीला म्हणाल्या, "ही बघ, आपल्याच घरातली निघाली."

मी डबा उघडला. आजींनी करंजी घेतली, नातीनं चकली. मग त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, स्वतः दोन घोट घेतले आणि तेच झाकण माझ्यापुढे धरलं. मी प्यायले. गुळाचा होता.

फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? प्रश्न तोच, पण आजी नातं शोधत होत्या. मी फोनवर विचारलं तेव्हा मला नातं नको असण्याचं कारण हवं होतं.

पण तळेगाव यायच्या आत दुसराही विचार आला. आजींनी झाकण पुढे केलं कारण मी "आपल्याच घरातली" निघाले. मी मातंग असल्याचं सांगितलं असतं तर? केलंच असतं, असं म्हणून मोकळं होता येतं. पण मग माझ्या आजीबद्दलही मी लहानपणी असंच म्हणत होते.

तळेगावला बाबासाहेबांचा बंगला आहे. ते तिथे अधूनमधून येऊन राहत. त्यांनी आम्हा ख्रिस्ती लोकांबद्दलही लिहून ठेवलंय, ते लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालं नाही. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा राग आला होता. त्यांचं म्हणणं असं की, अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी मंडळीतली जात गेली नाही. आणि ख्रिस्ती झाल्यावर तो आपल्या मागे राहिलेल्या भावांवरच्या अन्यायाबद्दल बोलेनासा झाला. मला वाटलं होतं, बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? आमच्या शाळा, आमचे दवाखाने, ते नाही दिसले का? आता वाटतं, बाहेरून बघूनही त्यांना आमची फळी दिसली होती.

आत्याकडे पोचले. जेवणं झाली आणि विषय निघालाच. आत्याचा मुलगा दलित ख्रिस्ती लोकांच्या हक्कांच्या कामात आहे. त्याला तारखा तोंडपाठ. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, त्यानुसार हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही. १९५६ मध्ये शिखांसाठी बदल झाला, १९९० मध्ये बौद्धांसाठी. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. तो सांगत होता, "कायदा म्हणतो, पाणी डोक्यावर पडलं की जात गेली. गावाला विचारा गेली का! विहिरीवर विचारा, घर भाड्यानं घ्यायला गेल्यावर विचारा."

खरं आहे त्याचं. शंभर टक्के. पण मला आतून हसू आलं आणि लाजही वाटली. आपली जात गेलेली नाही याचा पुरावा आपण सरकारला द्यायचा म्हणतो. माझ्या त्या फोनचं रेकॉर्डिंग असतं तर केवढा पक्का पुरावा झाला असता! फक्त त्यात जात धरून ठेवणारी मी असते.

मी आत्याच्या मुलाला सगळं सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, सभेत हे सांगता येत नाही गं. आपल्याच विरुद्ध वापरतील." हेही खरंच आहे. म्हणूनच तर इतकी वर्षं कुणी सांगत नाही.

परत येताना २०२० ची एक आठवण आली. त्या वर्षी पंचवीस मेला अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. लॉकडाउन होता, उपासना मोबाईलवर. आमच्या युवक संघानं ऑनलाइन प्रार्थनासभा ठेवली होती. लेकीनं तिथे मार्टिन लूथर किंग यांची गोष्ट सांगितली. १९५९ मध्ये किंग भारतात आले होते. केरळात अस्पृश्य मानलेल्या जातींमधल्या मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच अस्पृश्य, अशी. किंग क्षणभर दुखावले. एवढा मोठा माणूस, पंतप्रधानांकडे जेवून आलेला. मग त्यांनी आपल्या लोकांच्या वस्त्या आठवल्या आणि मनाशी कबूल केलं की हे खरं आहे. पुढे १९६५ मध्ये त्यांनी स्वतःच प्रवचनात ही गोष्ट सांगितली.

त्याही आधी, १८७३ मध्ये, जोतिबांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून! स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा बघून आलेले जोतिबा. त्यांना तिकडचा गुलाम आणि इकडचा शूद्र-अतिशूद्र एका ओळीत दिसले.

त्या प्रार्थनासभेत मी अमेरिकेसाठी मनापासून प्रार्थना केली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं. गोऱ्यांना सद्बुद्धी दे, असं म्हणाले होते. सात समुद्रापलीकडच्या गोऱ्यासाठी सद्बुद्धी मागायला काहीच लागत नाही. किंगना दुखलं आणि मग त्यांनी मान्य केलं. मला तर दुखण्याचीही वेळ आली नव्हती, कारण मी स्वतःला कायम आजीच्या पहिल्या गोष्टीत बघत होते. दुसऱ्या गोष्टीतली चहा देणारी पोरगीही मीच, हे विसरून.

योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट आहे. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. येशू दमून विहिरीवर बसतो आणि तिच्याकडेच पाणी मागतो. आमच्या संडे स्कूलमध्ये आम्ही नेहमी शिकवतो की येशूनं तिला जवळ केलं, तिच्यावर दया केली. यंदा पहिल्यांदा लक्षात आलं की तहान त्याला लागली होती. भांडं तिचं होतं. त्यानं तिला स्वतःच्या पेल्यातून दिलं नाही, तिच्या भांड्यातलं मागितलं.

आम्ही त्या मावशींच्या घरी कधी चहा प्यायलो का? मी खूप आठवून बघितलं. त्या दर नाताळला आमच्याकडे यायच्या. आम्ही त्यांच्याकडे फक्त डबा पोचवला. दारातून. त्या आता नाहीत.

घरी आल्यावर मी फळीवरून तो कप काढला. हो, अजून आहे. आईनं त्यात सुया-बटणं ठेवली होती, मी पण तेच चालू ठेवलं. लेकीला बोलावलं आणि सगळं सांगितलं, आजीच्या थरथरत्या हातापासून ते "त्यांना कपच आवडतो"पर्यंत. ती ऐकत राहिली. कप हातात फिरवून बघितला. म्हणाली, "आई, मला हा माहीत आहे. तू सुया शोधायला सांगायचीस तेव्हा कायम हाच. मला वाटायचं, टवका उडालाय म्हणून यातून कुणी चहा पीत नाही."

मग म्हणाली, "आता काय करणार आहेस?"

एकतीस डिसेंबरला, रात्रीच्या उपासनेला जायच्या आधी, मी मुलाच्या वडिलांना फोन केला. नवं वर्ष या ओझ्यासकट सुरू करायचं नव्हतं. आधी पाच मिनिटं फोन हातात धरून नुसती बसले होते. मग लावला. म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. आणि सहज विचारलं म्हणाले, तेही खोटं होतं."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही फोन केलात, बरं झालं. पण खरं सांगतो, आमच्या आईनं तो फोन ऐकला होता. ती बाजूलाच बसलेली. आता ती म्हणते, त्या घरात पोराची सोयरीक करू नका, जन्मभर आपल्याला खालीच धरतील. पोरगा समजावतोय, मी समजावतोय. ती ऐकत नाही. तिनं बघितलंय ना सगळं."

मी काय बोलणार? तिनं बघितलंय. कुणाच्या तरी फळीवरचा कप तिच्याही वाट्याला आला असेल.

"मी येऊ का त्यांना भेटायला?" मी विचारलं.

"या. पण नुसत्या या. बोलणी करायला म्हणून नको. चहाला या."

लग्न ठरेल की नाही, माहीत नाही. पोरं ठाम आहेत, पण त्यांना आजीचा आशीर्वाद हवाय आणि तो मागणं आता माझ्या हातात आहे. आमचे हे म्हणतात, सोबत येतो. माझी आई मात्र अजून गप्प आहे. तिला मी कपाबद्दल विचारलं तर म्हणाली, "जुनं कशाला उकरतेस?" तिच्याशीही बोलावं लागेल, पण एक एक करून.

येत्या रविवारी उपासना झाली की आम्ही चिंचवडला निघणार आहोत. डब्यात काही नेऊ नको, असं लेकीनं बजावलंय. त्यांच्याकडचंच खायचं. आजींसमोर काय बोलायचं याची मी मनात रोज तयारी करतेय, आणि दर वेळी तोंडात तोच शब्द येतो. सहज. तेवढा टाळायचा आहे.

तुमच्या घरच्या फळीवर काय आहे, बघाल का एकदा?